अपडेट दाबण्याआधी: जुन्या पीएसपीपासून स्विचपर्यंत फर्मवेअर आणि होमब्रू

गोव्यातल्या घरांत जुने हँडहेल्ड कन्सोल बहुधा दोन वाटांनी आलेले असतात. आखातात नोकरीला असलेल्या काकाने आणलेले, नाहीतर बोटीवर काम करणाऱ्या मामाने जपान-सिंगापूरच्या बंदरात घेतलेले. चवथीच्या सुट्टीत मुले जमतात, कपाटातून डबा निघतो, यंत्र चार्जरला लागते आणि चालू झाल्या झाल्या कोणीतरी अपडेट दाबून मोकळा होतो.

पुढच्या बहुतेक अडचणी तिथून सुरू होतात. फर्मवेअर म्हणजे यंत्र चालवणारे, कंपनीने आत बसवलेले मूळ सॉफ्टवेअर. अपडेटने ते वरच्या आकड्यावर नेणे सोपे असते. खाली आणणे कधी अवघड, तर कधी अशक्य. म्हणून पहिले काम एकच: मॉडेल कोणते आणि फर्मवेअरचा आकडा कोणता, हे कागदावर लिहून घ्या. अपडेट करायचे की नाही, होमब्रू चालेल की नाही, चालले तर कोणत्या पद्धतीने, हे सगळे या दोन गोष्टींवर ठरते.

यंत्र नेमके काय अडवते

होमब्रू म्हणजे कंपनीच्या परवान्याशिवाय, हौशी प्रोग्रामरांनी लिहिलेले सॉफ्टवेअर: ई-पुस्तक वाचक, संगीत वाजवणारे प्रोग्राम, छोटे मोफत खेळ. कन्सोल ते सहसा चालवत नाही. प्रत्येक प्रोग्रामवर कंपनीची डिजिटल सही आहे का, हे फर्मवेअर आधी तपासते. सही नसेल तर प्रोग्राम कितीही निर्दोष असला तरी दारातच थांबतो.

सोनीचा हँडहेल्ड पीएसपी (प्लेस्टेशन पोर्टेबल) डिसेंबर २००४ मध्ये जपानमध्ये आला तेव्हा त्याच्या १.०० फर्मवेअरमध्ये ही तपासणी जवळपास नव्हतीच. १.५० मध्ये ती आली, पण तिला वळसा घालता येत होता. त्यानंतर पाच-सहा वर्षे पाठलाग चालला. कोणीतरी एखाद्या चित्राच्या फाईलमध्ये किंवा खेळाच्या सेव्हमध्ये फट शोधायचे आणि सोनी पुढच्या अपडेटमध्ये ती बुजवायची. २००५ च्या शरदात २.०० मधली टीआयएफएफ चित्रांची फट सापडली आणि २.०१ ने लगेच बंद केली. त्या काळी ‘अपडेट करू नका’ हा सल्ला बरोबर होता. इंटरनेटवर तो अजून फिरतो, पण पीएसपीपुरता आता शिळा झाला आहे. २०१० च्या अखेरीस सोनीच्याच पीएस३ कन्सोलची सुरक्षा फुटली आणि तिच्याबरोबर पीएसपीच्या सहीच्या किल्ल्याही बाहेर आल्या. तेव्हापासून अधिकृत फर्मवेअरला मान्य होईल अशी सही होमब्रूवर करता येते. सोनीचे शेवटचे फर्मवेअर ६.६१ जानेवारी २०१५ चे. त्यापुढे काही आलेले नाही, त्यामुळे नवशिक्याने पीएसपी सरळ ६.६१ वर न्यावा.

याला एक अपवाद आहे. आकडा १.०० किंवा १.५० निघाला तर थांबा. असे यंत्र आता दुर्मीळ आहे, संग्राहक ते मुद्दाम शोधतात आणि घरी ते तसे परत करणे सोपे नाही.

ओळख पटवणे

मॉडेल क्रमांक बहुधा बॅटरीखालच्या लेबलवर असतो. १००० जाड आणि जड, २००० व ३००० सडपातळ, ‘गो’ सरकत्या पडद्याचा, ई१००० मध्ये वाय-फाय नाही. क्रमांकाचा शेवटचा आकडा प्रदेश सांगतो: ० म्हणजे जपान, १ म्हणजे उत्तर अमेरिका. जपानी यंत्रात गोल बटण ‘हो’ आणि फुली ‘नाही’ असते, इतर बहुतेक ठिकाणी उलटे. बोटीवरून आलेल्या यंत्रावर पुन्हा पुन्हा मागे जायला होत असेल तर बटण बिघडले असे समजू नका.

आकडा पाहण्यासाठी सेटिंग्ज, मग सिस्टम सेटिंग्ज, मग सिस्टम इन्फर्मेशन. तिथे नुसते ‘६.२०’ दिसले तर फर्मवेअर अधिकृत. ‘५.०० एम३३-६’ किंवा ‘६.६० प्रो’ अशी शेपटी दिसली तर आधीच्या मालकाने कस्टम, म्हणजे हौशींनी बदललेले, फर्मवेअर टाकलेले आहे. यंत्र पूर्ण बंद करून पुन्हा चालू करा. शेपटी गेली तर ते तात्पुरते होते, राहिली तर कायमचे. सेकंडहँड घेताना ही तपासणी विकणाऱ्यासमोरच करावी.

बॅटरी काढली आहेच तर ती सपाट टेबलावर ठेवून बघा. डुलली, किंवा यंत्राचे मागचे झाकण नीट बसत नसले, तर ती फुगली आहे. फुगलेली बॅटरी चार्ज करायची नाही, टोचायची नाही, ओल्या कचऱ्यातही टाकायची नाही. ती ई-कचऱ्यात द्या. १००० ला १८०० एमएएचची जाड बॅटरी लागते, २००० आणि ३००० ला १२०० एमएएचची पातळ. जाड बॅटरी २००० आणि ३००० मध्ये झाकणासह बसत नाही.

तयारी

चार्जर ५ व्होल्टचा, गोल पिनचा: बाहेरून ४ मिमी, आतून १.७ मिमी, मधला भाग धन. मूळ सोनी चार्जर १०० ते २४० व्होल्टवर चालतो. जपानी यंत्राला ट्रान्सफॉर्मर लागत नाही, चपट्या पिनांसाठी अडॅप्टर पुरतो. १००० हा यूएसबी केबलवर चार्ज होत नाही. २००० आणि ३००० होतात, पण सेटिंग्जमध्ये यूएसबी चार्ज चालू करावे लागते. संगणकाला जोडायची केबल मिनी यूएसबीची, जुन्या कॅमेऱ्यांना असायची ती. आजच्या मोबाइलची चालत नाही. एक सूचना: काही मिनी केबल फक्त चार्जिंगच्या असतात. संगणकावर कार्ड दिसत नसेल तर आधी केबल बदला.

कार्ड मेमरी स्टिक प्रो डुओ. बाजारात नकली फार आहेत. मायक्रोएसडी बसवणारा प्रो डुओ अडॅप्टर आणि नावाजलेल्या कंपनीचे १६ किंवा ३२ जीबी कार्ड हा स्वस्त आणि भरवशाचा मार्ग आहे. कार्ड संगणकात फॉरमॅट न करता पीएसपीतच करा: सिस्टम सेटिंग्जमध्ये फॉरमॅट मेमरी स्टिक. लागणारे फोल्डर ते स्वतः बनवते. आधीचे सेव्ह हवे असतील तर कार्डावरचा सगळा ‘पीएसपी’ फोल्डर त्याआधी संगणकावर उतरवून ठेवा.

वाय-फायने अपडेट करायच्या भानगडीत पडू नका. पीएसपीचे वाय-फाय ८०२.११बी या जुन्या प्रकारचे आहे आणि त्याची पासवर्ड-सुरक्षा डब्ल्यूपीए या पद्धतीच्या पहिल्या आवृत्तीपर्यंतच जाते. आजचा राउटर किंवा फोनचा हॉटस्पॉट डब्ल्यूपीए२ मागतो आणि जोडणी होत नाही. त्यासाठी घरच्या राउटरची सुरक्षा उतरवणे म्हणजे शुद्ध वेडेपणा. फाईलने करा.

६.६१ वर नेणे, पायरी पायरीने

१. बॅटरी पूर्ण चार्ज करा. नारिंगी दिवा विझला की झाली. चार्जर लावल्या लावल्या दिवा विझत असेल तर बॅटरी भरलेली आहे असे नाही, मेलेली असण्याची शक्यता जास्त.

२. ६.६१ ची सोनीची मूळ, न बदललेली फाईल घ्या. ती सुमारे ३० एमबीची असते. ‘गो’ची फाईल वेगळी आहे, अदलाबदल नको.

३. पीएसपी यूएसबीने जोडा आणि मेनूत यूएसबी कनेक्शन निवडा. कार्डावर ‘पीएसपी’, त्यात ‘गेम’, त्यात ‘अपडेट’ असा फोल्डर हवा. तिन्ही नावे इंग्रजी कॅपिटल अक्षरांत. ‘अपडेट’ नसेल तर बनवा.

४. फाईल त्यात टाका. तिचे नाव ईबूट.पीबीपी, कॅपिटलमध्येच. ब्राउझरने नावापुढे कंसात १ जोडला असेल तर तो काढा.

५. संगणकावर ‘सुरक्षित बाहेर काढा’ करून मगच केबल ओढा.

६. चार्जर लावा. मेनूत गेम, मग मेमरी स्टिक. अपडेटचे चित्र दिसेल, ते उघडा, करार वाचा, सुरू करा.

७. आता यंत्र टेबलावर ठेवा आणि हात लावू नका. काही मिनिटे लागतात. पॉवरची कळ, कार्ड, चार्जर, कशालाच नाही.

८. यंत्र पुन्हा चालू झाल्यावर सिस्टम इन्फर्मेशनमध्ये ६.६१ दिसते का पाहा, आणि कार्डावरची अपडेट फाईल पुसा.

पावसाळ्यात आपल्याकडे माडाची झावळी तारांवर पडली की तासभर वीज गेली म्हणून समजा. अपडेट चालू असताना असे झाले तरी घाबरू नका. यंत्रातली बॅटरीच तिथे इन्व्हर्टरचे काम करते, आणि पूर्ण चार्ज मागण्यामागचे कारण तेच आहे. खरा धोका नकली बॅटरीचा. ती मेनूत ९० टक्के दाखवते आणि चार्जर सुटताच कोसळते. आधी परीक्षा घ्या: पूर्ण चार्ज करून, चार्जर काढून, अर्धा तास खेळून बघा. टक्के पायरीपायरीने उतरले तर ठीक. एकदम वीसवर आले तर आधी बॅटरी बदला.

फर्मवेअरचे लेखन अर्धवट तुटले तर हिरवा दिवा लागतो आणि पडदा काळा राहतो. यालाच ब्रिक होणे म्हणतात. १००० आणि सुरुवातीच्या २००० साठी ‘पँडोरा’ नावाने ओळखली जाणारी, खास बदललेली बॅटरी व खास कार्ड वापरून यंत्र परत आणता येते. नंतरच्या बोर्डांत सोनीने तो मार्ग बंद केला, म्हणून ३००० वर जास्त जपावे. कोपऱ्यावरचा मोबाइल दुरुस्तीवाला पडदा किंवा बटण बदलून देईल. फर्मवेअरच्या कामासाठी यंत्र त्याच्याकडे सोपवू नका.

होमब्रू टाकणे

६.६१ वर दोन रस्ते आहेत. पहिल्यात काहीच बदलायचे नसते: सही केलेले होमब्रू ‘गेम’ फोल्डरमध्ये टाकले की चालते. एखादा वाचक किंवा एखादा मोफत खेळ एवढेच हवे असेल तर इथेच थांबा. ‘केव्ह स्टोरी’सारखा लेखकानेच मोफत दिलेला खेळ सुरुवातीला उत्तम. प्रत्येक होमब्रूचा स्वतंत्र फोल्डर असतो आणि त्याच्या आत लगेच ईबूट.पीबीपी दिसले पाहिजे. झिप उघडताना फोल्डरात आणखी एक फोल्डर तयार होतो आणि मग मेनूत काहीच येत नाही. नवशिक्यांची अर्धी गाऱ्हाणी एवढ्यावरच मिटतात.

फोल्डर बरोबर असूनही ८००२०१४८ हा आकडा आला तर बहुतेक वेळा त्या प्रोग्रामवर सही नाही. तेव्हा दुसरा रस्ता, कस्टम फर्मवेअर. सध्या नव्याने टाकायचे असेल तर एआरके-४ घ्यावे. त्यात दोन फोल्डर मिळतात. एआरके_०१२३४ हा ‘सेव्हडेटा’मध्ये जातो आणि एआरके_लोडर ‘गेम’मध्ये. मेनूतून लोडर चालवला की यंत्र नव्याने सुरू होते आणि सही नसलेले प्रोग्रामही चालू लागतात.

हे तात्पुरते असते, आणि नवशिक्यासाठी तेच बरे. पॉवरची कळ क्षणभर वर सरकवली तर यंत्र झोपते आणि सगळे टिकते. कळ तीनेक सेकंद धरली तर पूर्ण बंद होते, आणि पुढच्या वेळी लोडर पुन्हा चालवावा लागतो. काही बिघडले तर पूर्ण बंद करायचे, अधिकृत ६.६१ जागेवर असतेच. कायमची पद्धतही आहे, पण ती यंत्र सुरू करणाऱ्या मूळ भागातच लिहिते. महिनाभर तात्पुरते वापरून बघा. रोज एक चित्र दाबायचा कंटाळा हे यंत्र पणाला लावण्याचे कारण नव्हे.

मेनूत ‘करप्टेड डेटा’ दिसला तर आधी पाहा की कार्ड मॅकवरून भरले होते का. मॅक प्रत्येक फाईलबरोबर टिंब आणि अधोरेखाने सुरू होणारी एक लपलेली फाईल टाकते आणि पीएसपी तिलाच बिघडलेला खेळ समजतो. त्या पुसल्या की चित्रे जातात.

कायदा कुठे आडवा येतो

कॉपीराइट कायदा १९५७ मध्ये २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५ए आले. कॉपीराइट हक्कांचा भंग करण्याच्या हेतूने संरक्षण-उपाय मोडला तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. हेतू हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. कायद्याने मनाई नसलेल्या कामासाठी केलेल्या गोष्टींना त्याच कलमात सूटही आहे. कायदेशीर मालकाने संगणक प्रोग्रामची सुरक्षेपुरती प्रत ठेवणे कलम ५२ मध्ये बसते. उलट, चोरीची प्रत आहे हे माहीत असून ती वापरणे कलम ६३बी खाली येते: सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि ५०,००० ते दोन लाख रुपये दंड. स्वतःच्या यंत्रावर स्वतः लिहिलेला किंवा मोफत दिलेला प्रोग्राम चालवणे वेगळे, आणि ‘कार्डावर पाचशे खेळ भरून देतो’ म्हणणाऱ्याकडून कार्ड घेणे वेगळे. वॉरंटी मात्र पहिल्या प्रकारातही जाते.

बाकीची यंत्रे

पीएसपीनंतर आलेल्या सोनीच्या पीएस व्हिटावर ‘अपडेट करू नका’ हा सल्ला अजून खरा आहे. होमब्रू कायमचे चालू ठेवणारा एन्सो नावाचा प्रोग्राम फक्त ३.६० आणि ३.६५ वर बसतो. नंतरच्या फर्मवेअरवरही होमब्रू चालते, पण ते दर वेळी सुरू करावे लागते. म्हणून आकडा ३.६० किंवा ३.६५ दिसला तर वाय-फाय बंद करा आणि मग पुढचा विचार करा. सोनीचे मेमरी कार्ड महाग आणि फक्त व्हिटाचेच, त्यामुळे सेकंडहँड घेताना कार्डासकट किंमत विचारा.

निन्टेंडो ३डीएसचा आकडा सिस्टम सेटिंग्जच्या पडद्यावर खाली कोपऱ्यात असतो, ११.१७.०-५०ई असा, आणि शेवटचे अक्षर प्रदेश सांगते: ई युरोप, यू अमेरिका, जे जपान. खेळही प्रदेशाला बांधलेले असतात. जपानी यंत्रात युरोपच्या खेळाचे कार्ट्रिज चालत नाही आणि अधिकृत अपडेटने तो फरक मिटत नाही. ई-शॉप या निन्टेंडोच्या ऑनलाइन दुकानातली खरेदी २७ मार्च २०२३ ला बंद झाली, ऑनलाइन खेळ ८ एप्रिल २०२४ ला. अपडेट अडकून यंत्र चालू होईना तर एल, आर, वरची दिशा आणि ए ही चार बटणे धरून पॉवर दाबा, अपडेटचा पडदा वेगळा उघडतो.

निन्टेंडोच्याच स्विचवर मात्र नवशिक्याने होमब्रूच्या वाटेला जाऊ नये असे आमचे स्पष्ट मत आहे. २०१८ च्या मध्यापर्यंत बनलेल्या स्विचच्या चिपमध्ये सॉफ्टवेअरने न बुजणारी फट होती. पुढच्या यंत्रांत ती नाही. शिवाय स्विच मोठ्या अपडेटबरोबर चिपमधले सूक्ष्म फ्यूज कायमचे जाळतो. जळलेले फ्यूज अपेक्षेपेक्षा जास्त दिसले की जुने फर्मवेअर सुरूच होत नाही. एवढे करूनही यंत्र निन्टेंडोच्या सेवेतून बाद होऊ शकते. सेकंडहँड स्विच घेताना पैसे देण्याआधी विकणाऱ्याच्या फोनच्या हॉटस्पॉटवर ई-शॉप उघडायला सांगा. २१२४-४००७ हा आकडा आला तर ते यंत्र बाद केलेले आहे आणि ते परत ऑनलाइन होणार नाही. मे २०२५ मध्ये निन्टेंडोने अमेरिकेतल्या खातेकरारात, नियम मोडल्यास यंत्रच कायमचे निरुपयोगी करण्याचा अधिकारही लिहून घेतला.

अधिकृत अपडेट स्विचवर सोपे आहे: टीव्हीला जोडणाऱ्या डॉकमधून काढा, निम्म्याहून जास्त चार्ज ठेवा, सिस्टम सेटिंग्ज, सिस्टम, सिस्टम अपडेट. लोगोवर अडकले तर बंद करून आवाजाची दोन्ही बटणे धरून पॉवर दाबा. दुरुस्तीच्या मेनूत सेव्ह न पुसता यंत्र पूर्वस्थितीत नेण्याचा पर्याय मिळतो.

फक्त जुन्या पद्धतीचे मोफत दिलेले खेळ खेळायचे असतील तर हे सगळे टाळून मियू मिनी प्लससारखे छोटे यंत्र घ्या. त्यावर कंपनीच कुलूप लावत नाही. त्याबरोबर आलेले बिननावाचे कार्ड मात्र पहिल्याच दिवशी बदला, ते दगा देतेच. फर्मवेअरची फाईल कार्डावर कोणत्याही फोल्डरात न घालता ठेवून, बंद यंत्राला चार्जर लावला की अपडेट सुरू होते. मिनी आणि मिनी प्लस यांच्या फाईली वेगळ्या आहेत आणि चुकीची टाकली तर यंत्र जाते. काम झाल्यावर फाईल पुसा, नाहीतर पुढच्या चार्जिंगला तेच अपडेट पुन्हा सुरू होईल.

पावसाळ्याची साठवण

जून ते सप्टेंबर दमटपणाने कार्डाच्या सोनेरी पट्ट्या काळवंडतात आणि ‘कार्ड घाला’ असा निरोप येऊ लागतो. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब कापसाच्या काडीवर घेऊन पुसा आणि दहा मिनिटे वाळू द्या. खोडरबराने घासले तर मुलामा जातो. यंत्र घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. तांदळात पुरू नका, त्याची भुकटी बटणांखाली बसते. बॅटरी पन्नास-साठ टक्क्यांवर ठेवून यंत्राबाहेर काढा आणि दर तीन महिन्यांनी चार्ज करा. बॅटरी काढून ठेवली की पीएसपी तारीख विसरतो आणि परत जोडल्यावर भाषा, वेळ वगैरे पहिल्यापासून विचारतो. तो बिघाड नाही.